मोजा आणि बटण

ताई, आता तरी खरं सांगायला काय हरकत आहे? तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी भांडण उकरून काढते आहे, हे लोकांना विचित्र वाटेल. वाटू दे. फ्यूनरलला तुमच्या भावाने इंग्रजीत भाषण केलं. त्यात तुम्ही इतक्या सोज्वळ निघालात की मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या फ्यूनरलला येऊन बसलो. तुम्ही सोज्वळ नव्हतात. तुम्ही लबाड होतात, आणि खेळात तर पक्क्या लबाड. माझा तुमच्यावर संशय होता, आणि तो घेऊनच मी हे लिहायला बसले आहे.

संशय हा माझा स्वभाव आहे आणि आता नोकरीही. वॉटफर्डच्या सुपरमार्केटमध्ये सेल्फ-चेकआउटपाशी, जिथे गिऱ्हाईक आपलं बिल आपणच करतं, उभं राहून मी लोकांच्या हातांकडे बघत असते. कोण महागडा अॅव्होकाडो ठेवून स्क्रीनवर स्वस्त कांदा दाबतो, ते मला त्याच्या कोपरावरून कळतं. तुम्ही हसायचात. म्हणायचात, सुनंदा, तुला तर देवळातल्या घंटेचाही संशय येतो, ती आपोआप वाजली की काय म्हणून. हसा. पण माझा संशय बहुतेक वेळा खरा निघतो, हे तुम्हालाही माहीत होतं.

तुम्ही माझ्या नणंद. लग्न होऊन मी नागपूरहून वॉटफर्डला आले तेव्हा तुम्ही एजवेअरला मुरलेल्या होतात. पहिल्या हिवाळ्यात तुम्ही मला तुमचा लांब कोट दिलात, बसमध्ये कुठे बसायचं आणि कुठे नाही ते शिकवलंत, जीपी डॉक्टरच्या रिसेप्शनिस्टशी माझ्या वतीने बोललात. ‘शी इज न्यू,’ असं तुम्ही सगळीकडे सांगायचात. तेव्हा मला बरं वाटायचं, खोटं का बोलू. पण वर्षं गेली, माझा मुलगा शाळेतून कॉलेजात गेला, तरी तुमच्यासाठी मी न्यूच. पुण्याच्या सासूबाईंना इकडे आणायचं की नाही, हे ठरवायला तुमच्या किचनमध्ये सगळे जमले होते, आठवतं? मी तोंड उघडलं आणि तुम्ही म्हणालात, सुनंदा, तू जरा पापड तळायला घे. मी पापड तळले. चांगले तळले. माझं मत आजही कुणाला माहीत नाही.

आमच्या नागपूरच्या गल्लीत लपंडाव खेळताना एखाद्या पोराला घ्यायचं तर असायचं, पण धरायचं नसायचं. त्याला कच्चं लिंबू म्हणायचे. ते सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, पण सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नसे. ते बाद होत नसे, आणि म्हणूनच ते कुणी मोजत नसे. घरात मी सगळ्यांत धाकटी, त्यामुळे माझं निम्मं बालपण कच्चं लिंबू होऊन गेलं. एकदा मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले, म्हटलं मला धरा. जिच्यावर राज्य होतं ती बहीण माझ्या शेजारून निघून गेली. तुमच्या घरात मला कधीकधी तसंच वाटायचं. हे मी तुम्हाला सांगितलं होतं, आपल्या टीव्हीवरच्या खेळापायीच सांगितलं होतं.

आणि तो खेळ आणला तुमच्या लेकीने, केतकीने. ती कंप्युटर गेम्स तपासायचं काम करते, हाउन्सलोला राहते, आणि भावोजी गेल्यापासून तुम्ही घरात एकट्या बसता याची तिला काळजी. कुठल्याशा दोन-तीन जणांनी मिळून तयार केलेला तो गेम तिने तुमच्या टीव्हीला जोडला आणि मला फोन केला. ‘मामी, हा एकटीला खेळता नाही येत. दोघी लागतात. तू येशील ना सॅटरडेला? आई फक्त तुझंच ऐकतो.’ इथे जन्मलेल्या मुलीची आई ऐकतो, ऐकते नाही. पण त्या वाक्यातली खरी थाप वेगळीच होती, तुम्ही कुणाचंच ऐकत नव्हतात. मला तेव्हाच वाटलं, यात काहीतरी पाणी मुरतंय. तरी शनिवारी सकाळची बस धरून मी आले.

काय तो खेळ, ताई. एक मोठं बंद घर. त्यात धुण्यात हरवलेल्या सगळ्या वस्तू कोंडलेल्या. मी एक मोजा, जोडीतला एकटा उरलेला. तुम्ही एक कोटाचं बटण. दोघांच्या मध्ये एक दोरा. मोजा पुढे गेला की बटण मागोमाग ओढलं जायचं, आणि दोघांतलं एक पडलं की दोघांनाही खोलीच्या सुरुवातीला परत. पुढच्या दारातून पळून जायचं, एवढंच काम. पण वाटेत जिने एकदम घसरगुंड्या व्हायचे, कपाटं जांभया द्यायची, आणि एकेक प्राणी असा की बघून हसावं की पळावं ते कळू नये. सगळीकडे गुडघेच गुडघे असलेला तो लांब माणूस, जो नुसता वाकून आपल्याकडे बघायचा. पडद्याच्या कापडाची एक बाई होती, तिला तुम्ही भिशीतल्या एका बाईंचं नाव दिलं होतं, मी ते इथे लिहीत नाही. आणि ती बसएवढी गोगलगाय, जी रुसून जिन्यात बसायची. तिच्यापुढे न हलता उभं राहिलं की तिचा राग उतरायचा. तिला आपण नाना म्हणायचो, कारण ते रुसणं थेट मामंजींचं होतं. पहिल्यांदा ती बाजूला सरकली तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला आणि मी तुमची पाठ चोळली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला प्रथमच हात लावला होता, वाकून नमस्कार सोडला तर.

त्या सोफ्यावर आपण जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो. नजर टीव्हीकडे असली की माणूस बरंच बोलतो. भावोजींचा शेवटचा आजार तुम्ही मला गुडघेवाल्या माणसाच्या खोलीत सांगितलात. मी माझी गल्ली, माझ्या बहिणी आणि ते कच्चं लिंबू तुम्हाला जांभया देणाऱ्या कपाटांमध्ये सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, काही बोलला नाहीत. मग म्हणालात, उडी मार, आता, अगं आता. मी उशिरा उडी मारली आणि दोघी पडलो. तुम्ही म्हणालात, हे तुझं नागपूरचं आरामशीर काम इथे चालायचं नाही. मला राग आला आणि बरंही वाटलं, कारण तुम्ही मला धरलं होतं.

मग गेल्या दिवाळीनंतर काहीतरी बदललं. आपण पडेनाशा झालो. अगदीच नाही असं नाही, पण आधी एका खोलीला सगळी सकाळ जायची, ती खोली आता चहाच्या आत व्हायची. एकदा नाना सरळ बटणाच्या अंगावरून गेली. मी बघितलं. बटण सपाट व्हायला हवं होतं, दोघी परत जायला हव्या होत्या. झालं काहीच नाही. तुम्ही म्हणालात, लागलं नाही गं, घासून गेलं. ताई, माझी नोकरी काय आहे? मी दिवसभर हेच बघते, लागलं की घासून गेलं.

त्याच सुमाराला बाकीचंही खटकायला लागलं. चहा तुम्हीच ओतायचात नेहमी, तुमच्या हातच्या चहाचा तुम्हाला केवढा तोरा. आता म्हणायला लागलात, सुनंदा, तू ओत. मला वाटलं, झालं, पापड तळण्यावरून आता चहा ओतण्यावर. मी निघताना चिवड्याचा डबा हातात ठेवायचात, तो बंद झाला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, डबा नाही. मला वाटलं, माझं काहीतरी लागलंय यांना. तुमच्या कंट्रोलरला तुम्ही जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळलीत. त्याचं मात्र मला काही वाटलं नाही. आपल्या घरांत रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला टोपी, फोनला पाऊच. लेकीची महागडी वस्तू खराब होऊ नये म्हणून साडी गुंडाळणार नाही ती मराठी बाई कसली.

मग एका शनिवारी बस लवकर मिळाली आणि मी वेळेआधी पोहोचले. दार केतकीने उघडलं. टीव्हीवर खेळाचं सेटिंगचं पान उघडं होतं, मला बघताच तुम्ही ते घाईने बंद करायला गेलात आणि बटणं चुकवलीत. केतकीचे कान लाल झाले. मला तेवढं पुरे होतं. ती गेल्यावर मी विचारलं.

‘ताई, मला कच्चं लिंबू केलंत का?’

तुम्ही टीव्हीकडेच बघत होतात. ‘कोण म्हणतं?’

‘मी म्हणते. खेळ सोपा करून घेतलाय माझ्यासाठी.’

‘तू खेळ गं,’ तुम्ही म्हणालात.

हे उत्तर नव्हतं. मी ते सोडलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. दर शनिवारी विचारलं, चहा ओतताना, कोट घालताना, नानापुढे उभं असताना. कधी तुम्ही विषय बदललात, कधी म्हणालात, केलं असलं तर काय बिघडलं? बिघडलं असतं, ताई. मला जिंकायची हौस नव्हती. मला माझ्या चुकीने हरायचं होतं आणि तुमच्या शिव्या खायच्या होत्या. त्या सोफ्यावर मी पहिल्यांदा तुमची भिडू झाले होते, आणि तेही जर लटकंच असेल, तर मग एवढ्या वर्षांत या घरात मला कुणी कधी मोजलं, हे मला एकदा कळायला हवं होतं. एवढाच प्रश्न होता. अजून एवढाच आहे.

शेवटच्या खोलीत आपण अडकून पडलो. लांब पॅसेज, पायाखालच्या फरश्या गळून पडणाऱ्या, मध्ये तो कोट टांगायचा स्टँड, बाह्याच बाह्या असलेला, जवळ गेलं की झोडपणारा. पलीकडे पायपुसणं आणि घराचं दार. दोघी पायपुसण्यावर आल्या तरच दार उघडणार. तिथे मात्र आपण सपाटून पडायचो, आणि दर वेळी मीच पडायचे. तुम्ही म्हणायचात, परत. मी म्हणायचे, आता का पडतेय मी, आता का नाही सोपं?

मग छातीतला संसर्ग, मग हॉस्पिटल. मी तिथेही विचारलं. लाज वाटली नाही मला, कारण तुम्ही बऱ्या होणार होतात. नर्स चहा ठेवून गेली होती, तो तुम्ही घेतला नाहीत, हात ब्लँकेटखालीच होते. तुम्ही म्हणालात, ‘बरी झाले की दाखवते. तू सेटिंग बघू नकोस तोवर. शपथ आहे.’ शपथ घालणारं माणूस काहीतरी लपवत असतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. आणि तुम्ही बऱ्या झाला नाहीत.

तुमची आठवण येते, ताई. फार येते. शनिवारी सकाळी मी उगीचच कोट घालून बसते आणि तुमचा भाऊ काही न विचारता केटल लावतो.

तुमचे दिवस झाल्यावर केतकीने फोन केला, कपाट आवरायला ये म्हणाली. मी आले. तुमच्या साड्या घड्या करून ठेवल्या. बटणांचे कार्डिगन तळाशी होते, वर नुसते डोक्यातून घालायचे स्वेटर. मी ते बघितलं, पण तेव्हा काही सुचलं नाही. मग बाहेरच्या खोलीत येऊन मी केतकीला म्हटलं, टीव्ही लाव, आणि मला सेटिंग दाखव. ती घुटमळली. मी म्हटलं, तुझ्या आईची शपथ संपली, ‘तोवर’ म्हणाल्या होत्या त्या, आता तोवर होऊन गेलं.

चहा टाकून आले तर तिने ते पान उघडून ठेवलं होतं. दोन रकाने. एक मोज्याचा, एक बटणाचा. मोज्याच्या रकान्यात सगळं बंद. काही म्हणजे काही मदत नाही. बटणाच्या रकान्यात सगळं चालू. बटण पडणार नाही. बटणाला मार लागणार नाही. बटण एका हाताने खेळेल.

‘आईचा राइट हॅण्ड,’ केतकी म्हणाली. ‘दिवाळीच्या आधीपासून. बोटं ऐकत नव्हते. डॉक्टरने त्याचं नाव पण सांगितला होता. आई म्हणाली, कोणाला नाही सांगायचं. आणि मामीला तर नाहीच.’

मी विचारलं, मला का नाही.

‘तू स्लो खेळली असती तिच्यासाठी. ती म्हणायची, सुनंदा मला ओढून नेते. तिला कळलं तर ती दोरा सैल सोडेल.’

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की मी चहा टाकायला गेले तेवढ्यात या पोरीने रकाने बदलले असतील. मामी दुःखात आहे, तिला बरं वाटू दे म्हणून. माझा स्वभाव म्हटलं ना. पण मग एकेक गोष्ट आपणहून पुढे यायला लागली. चहा ओतणं. डब्याचं घट्ट झाकण. साडीची पट्टी, जी कंट्रोलर जपायला नव्हती, तो निसटू नये म्हणून होती. ब्लँकेटखालचे हात. तळाशी गेलेले बटणांचे कार्डिगन. आणि शेवटच्या खोलीत दर वेळी मीच का पडायचे, तेही, कारण पडू शकणारी मी एकटीच होते. अख्ख्या वॉटफर्डच्या हातांवर माझी नजर, आणि शेजारच्या सोफ्यावरचा हात मला दिसला नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

म्हणजे लिंबू तुम्ही होतात. आणि मी जी प्रत्येक उडी मारली, जे काही पडले, सावरले, ते सगळं खरं होतं. तुम्ही मला धरत होतात, पूर्ण धरत होतात.

पण मी तुमच्यावर रागावले आहे. सांगितलं असतंत तर काय झालं असतं? आता त्याचं उत्तर मीच देते, कारण तुम्ही दिलं नसतंत. मी तुमच्या हातातून कप काढून घेतला असता. जीपीच्या रिसेप्शनिस्टशी तुमच्या वतीने बोलले असते. सगळ्यांना हळू आवाजात सांगत सुटले असते की ताईंना जपा. चार माणसं जमली असती तेव्हा म्हटलं असतं, ताई, तुम्ही नुसत्या बसा. तुम्हाला मी खरंखुरं कच्चं लिंबू करून टाकलं असतं, आणि ते कसं करायचं हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. हे तुम्हाला ठाऊक होतं. माझी गल्लीची गोष्ट ऐकून तुम्ही गप्प बसलात, तेव्हाच ठाऊक झालं असणार. मग मला न सांगणं हे तुमचा स्वतःचा मान राखणं होतं, की मला इतक्या वर्षांनी उशिरा दिलेला मान होता, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तुम्ही एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्या होतात, म्हणून तर मला कायम संशय.

केतकीने तुमचा कंट्रोलर उचलला आणि विचारलं, ‘मी खेळू का आईच्या जागी?’ मी म्हटलं, खाली ठेव. तिने तो सोफ्यावर तुमच्या जागेवर ठेवला, साडीच्या पट्टीसकट.

मी एकटी खेळले, ताई. मोजा पुढे, दोऱ्याने ओढलेलं बटण मागे. फरश्या गळल्या आणि मी पडले, परत सुरुवातीला. केतकी म्हणाली, मामी, तुझंही सोपं करू का? मी नाही म्हटलं. परत पडले, आणि परत. आता अगं आता म्हणणारं कुणी नव्हतं, तर मी स्वतःच मोठ्याने म्हणायला लागले. केतकी हसली आणि मग रडली. शेवटी त्या स्टँडच्या बाह्यांखालून मोजा कसाबसा निसटला. मागे बटणावर एक बाही पडली, दुसरी पडली, सगळ्या पडल्या. बटण हललं नाही, सपाट झालं नाही, माझ्यामागे येत राहिलं. मी पायपुसण्यावर पोहोचले आणि दोरा ओढून तुम्हाला वर घेतलं. दार उघडलं. बाहेर साधंच अंगण होतं, कपडे वाळत घालायची दोरी आणि ऊन.

आपण सुटलो, ताई. दोघी सुटलो.

केतकीने डोळे पुसले, सेटिंगचं पान उघडलं आणि विचारलं, आता आईचं बंद करू का. मी म्हटलं, राहू दे तसंच. कच्चं लिंबू बाद होत नाही.